गोडी छाटणीतला मृत्यू

१

खंडेराव गटकळ मेले ते नाशिकच्या द्वारका चौकात, स्वतःच्या जीपमध्ये, बायकोच्या मांडीवर डोकं ठेवून.

ऑक्टोबर २००१ मधली ती संध्याकाळ. मुंबईकडून आलेले ट्रक, नाशिक रोडच्या बसगाड्या, रिक्षा, सगळं एकमेकांत अडकून पडलं होतं. हृदयरोगाचं हॉस्पिटल चौकाच्या पलीकडे होतं. खंडेरावांचा मुलगा ललित जीपमधून उतरून ट्रकवाल्यांपुढे हात जोडत होता. वाट काढून परत आला तेव्हा आई नुसती बसून होती.

"आता घाई करू नको रे," वत्सलाबाई म्हणाल्या.

खंडेराव दिंडोरी तालुक्यातले नावाजलेले द्राक्ष बागायतदार आणि जिल्हा परिषदेचे सभासद. त्यांना सगळे अण्णा म्हणत. वय साठीच्या पुढे, हृदयाचं एक ऑपरेशन झालेलं. त्या दिवशी दिवस मावळताना ते बंगल्याच्या गच्चीवर बसले होते. सोबत ललित आणि पक्षातला जुना सहकारी गोरक्ष. गोरक्षने आणलेल्या बाटलीतून अण्णांनी एकच पेला घेतला. तोही पुरा नाही. बघता बघता त्यांचा चेहरा लालबुंद झाला, लाली मानेवरून छातीपर्यंत उतरली. छाती धडधडतेय म्हणाले, उलटी झाली, आणि खुर्चीतून खाली घसरले.

डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं सांगितलं. गोरक्षला ते पटलं नाही.

"मी बापाचा अटॅक पाहिलाय. माणूस पांढराफटक पडतो. हे असं लाल होत नाही. विष हाय हे."

सकाळपर्यंत गावानं नावही ठरवलं. गच्चीवर पाण्याचा जग नेऊन ठेवला होता भागीबाईनं. ती सुरगाण्याकडची, बागेतली मजूर. गेल्या वर्षी तिचा नवरा सोमा याच बागेत काम करता करता मेला होता, आणि तिनं बंगल्याच्या दारात उभं राहून खंडेरावांना तळतळाट दिला होता. तो सगळ्या गावानं ऐकला होता. कार्यकर्त्यांनी रस्ता अडवला. दुपारी पोलिसांनी तिला अटक केली.

तपास पोलीस निरीक्षक दिनेश कोठावदे यांच्याकडे होता. मालेगावात वाढलेला, कमी बोलणारा माणूस. गच्चीवरून आणलेल्या पाण्यात काही सापडलं नव्हतं, बाटलीत नव्हतं, पेल्यातही नव्हतं. बाईला सोडून द्यावं, असं त्यांच्या मनात येत होतं, तोच हवालदार आत आला.

"साहेब, तिनं कबूल केलं. म्हणते, मीच मारलं."

२

भागीबाई भिंतीला टेकून बसली होती. तिशीच्या आतबाहेरची. दोन्ही तळहातांची सालं निघालेली.

"काय घातलंस पाण्यात?" कोठावदेंनी विचारलं.

"काय नाय घातलं. त्यातलंच पाणी मीबी प्याले."

"मग मारलं कशानं?"

"तोंडानं," ती म्हणाली. "मी बोललेले ना दारात. सोमा गेला तसाच तू जाशील. तसंच झालं. माझ्या तोंडातून गेलं ते."

कोठावदे तिच्यासमोर फरशीवर बसले. "सोमा कसा गेला?"

तिनं सांगायला सुरुवात केली. गेल्या वर्षीच्या गोडी छाटणीची, म्हणजे फळांसाठी ऑक्टोबरात करतात त्या छाटणीची गोष्ट. छाटणी झाली की काड्यांच्या डोळ्यांना, म्हणजे कोंब फुटतात त्या जागांना, औषध लावतात, म्हणजे सगळे डोळे एकदम फुटतात. औषध कालवायचं काम सोमाकडे होतं. काम संपल्यावर संध्याकाळी झोपड्यांपुढे सगळे बसले. गावाकडून मोहाची आणली होती. सोमा फार पिणारा नव्हता. थोडी घेतली.

"कुंकू फासल्यावानी लाल झाला. म्हणे छातीत धाडधाड होतंय. ओकला. बाकीच्यांनापण झालं थोडं, ते उठले. हा नाय उठला. ट्रॅक्टर आणला तवर थंड पडला. अण्णा म्हणाले, दारूनं मेला. सगळे तेच म्हणाले. माझी सासूपण."

"आणि तरी यंदा आलीस?"

"घरातली नागली श्रावणातच सरली. दोन पोरं हायती. मुकादमाची गाडी आली, बसले."

कोठावदेंनी तिच्या सोललेल्या तळहातांकडे पाहिलं. मग म्हणाले, "अण्णा त्या दिवशी तुला कुठं दिसले?"

"बागेत. सकाळपासून बागेतच होते ते. सोमा मेल्यावर कधी फिरकले नव्हते. आदल्या दिवशी पहिल्यांदा आले, कोणाशी बोलले नाय, फडकं घेतलं आणि आमच्या ओळीत उभं राहिले. त्या दिवशीबी तेच. औषधात फडकं बुडवायचं, डोळ्यांवरून पुसायचं. उन्हं तापली तरी थांबेनात. मी म्हटलं, अण्णा, हाताची आग होईल. तर म्हणले, तुमची नाय होत का?"

ती रडत नव्हती. बोलून झाल्यावर तिनं पदर तोंडाशी धरला, एवढंच.

कोठावदे आपल्या टेबलाशी आले आणि गोरक्षची फिर्याद पुन्हा वाचू लागले. लाल चेहरा, छातीची धडधड, उलटी. भागीबाईनं सोमाचं मरण सांगितलं होतं त्यात आणि यात काडीचा फरक नव्हता. गच्चीवर परदेशी दारू, झोपडीपुढे मोहाची. एक सभासद, एक मजूर. त्या मजुरावर विष वाया घालवणारा शत्रू कोण असणार?

३

बंगल्यावर माणसांची रीघ लागली होती. वत्सलाबाई आतल्या खोलीत सतरंजीवर बसल्या होत्या. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, थकवा होता.

"लग्न झालं तवा ह्या जमिनीत बाजरी व्हायची," त्या म्हणाल्या. "ह्यांनी विहीर खणली, द्राक्षांचा पहिला मांडव आम्ही दोघांनी उभा केला. मग बाग वाढली, माल लंडनला जायला लागला. सरपंच झाले, जिल्हा परिषदेत गेले. तवापासून हात मातीत गेला नाय त्यांचा. भाषणात म्हणायचे, मजूर माझा भाऊ हाय. मी आपली ऐकायची."

"त्या संध्याकाळी काही वेगळं दिसलं?"

वत्सलाबाईंनी विचार केला. "ललितचं दिसलं. बाप तडफडतोय, आणि ह्यानं साबण आणून त्यांचे हात धुतले. खसाखसा. जीप चालू झाली तरी बाटलीतलं पाणी ओततच होता. म्हटलं, ह्या पोराला झालंय काय?"

गोरक्ष ओसरीवर भेटला. जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर होती आणि खंडेरावांच्या गटात उमेदवारी आता त्यालाच मिळणार, हे उघड होतं. ते त्यालाही ठाऊक होतं, म्हणून तो घाईघाईनं बोलत होता.

"साहेब, बाटली मीच आणली, नाही म्हणत नाही. पण मीपण त्यातलीच प्यालो. मला काय झालं? अण्णांच्या आणि माझ्या पेल्यात एकाच जगातलं पाणी होतं."

"आणि ललित?"

"त्यानं घेतली नाही. एरवी आमच्यात बसतो, एखादा घेतो. म्हणाला, औषधाचं काम चालू हाय तोवर घेत नाही." गोरक्ष थांबला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "एक गोष्ट सांगू? बाटली उघडली तसा ललित म्हणाला, अण्णा, आज राहू द्या. अण्णा म्हणाले, का? तर हा गप्प. अण्णा बघतच राहिले त्याच्याकडं. मग म्हणाले, सांगायचं नाय ना? मग भर."

"आणि ललितनं भरला?"

"भरला की."

४

खंडेरावांची थोरली मुलगी ज्योत्स्ना नाशिकच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवायची. मागच्या अंगणात ती एकटीच उभी होती. कोठावदेंनी नाव सांगताच म्हणाली, "त्या बाईला सोडा. अण्णांना मी मारलं."

कोठावदेंनी दोन दिवसांत दुसऱ्यांदा हे वाक्य ऐकलं. ते पायरीवर बसले, आणि तिलाही बसायला सांगितलं.

ज्योत्स्ना पीएच.डी. करत होती. विषय होता अमेरिकेतल्या व्हर्जिनियाचा एक तंबाखूचा मळेवाला. तिथं इंग्रजांचं राज्य होतं त्या काळातला. रविवारी ती घरी यायची तेव्हा जेवताना अण्णा विचारायचे, "काय म्हणतो तुझा तंबाखूवाला?" मग ती सांगायची. त्याला बापाकडून नदीकाठची जमीन मिळाली, बायकोकडून आणखी मिळाली. तो विधिमंडळावर निवडून गेला, कारण मत द्यायचा हक्क जमीनवाल्यांनाच होता आणि ते सगळे त्याचेच सोयरे. अण्णा हसून ताटावर हात आपटायचे. "म्हणजे तिकडंबी आपल्यासारखंच हाय की!" त्याचा माल जहाजानं लंडनला जायचा, हे ऐकून तर ते फार खूश झाले होते.

"त्यांना तो आवडायला लागला होता," ज्योत्स्ना म्हणाली. "त्याचे चढउतार ते शेजाऱ्याचे असावेत तसे विचारायचे. कर्ज झालं का त्याचं, पोरगं कसं निघालं. आणि मला दर वेळी सोमा आठवायचा."

"मग?"

"गेल्या रविवारी मी म्हटलं, अण्णा, तुमच्या ह्या माणसानं राजाविरुद्ध स्वातंत्र्यावर भाषणं केली. त्याच्या मळ्यात गुलाम मेले, त्यांची नावंसुद्धा कुणी राखली नाहीत. जन्मभर तंबाखूवर जगला, पण पानाला कधी हात लावला नाही. त्यांनी विचारलं, मग? मी म्हणाले, मग काही नाही. तुम्हीही सोमा मेल्यापासून बागेत पाऊल टाकलेलं नाही."

ती पुढं सांगू लागली, "भरल्या ताटावरून उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत गेले. मंगळवारी पेपरात फोटो आला, मजुरांच्या ओळीत उभे असलेले. मला वाटलं, निवडणुकीचं नाटक. मी तो पेपर फेकून दिला. त्याच रात्री फोन आला तेव्हा मी चिडलेलीच होते त्यांच्यावर."

"फोटो काढायला कुणी बोलावलं होतं?"

"गोरक्षकाकांनी. अण्णांनी फोटोवाल्याला हाकललं होतं, असं काल आईनं सांगितलं. काल."

"त्या फोटोत अण्णांच्या हातात मोजे होते?"

ज्योत्स्नानं मान हलवली. "नाही. उघडे हात. का?"

कोठावदे उठले. "औषधाची खोली कुठं आहे?"

५

बंगल्यामागच्या पत्र्याच्या खोलीत डोळे फोडायच्या औषधाचे कॅन ओळीनं ठेवले होते. कोठावदेंनी एक कॅन खिडकीजवळ नेला. कवटीचं चित्र सगळ्यांना दिसेल असं होतं. त्याखालचा मजकूर इंग्रजीत होता, मुंगीएवढ्या अक्षरांत. त्यांनी चष्मा पुसला आणि वाचायला सुरुवात केली. चौथ्या ओळीला त्यांचं बोट थांबलं.

"काम करण्याआधी आणि नंतर काही दिवस मद्य घेऊ नये," मागून आवाज आला. "जिवाला धोका."

ललित दारात उभा होता. डोकं भादरलेलं, डोळे सुजलेले. त्यानं शेतकीची पदवी घेतली होती आणि तीन वर्षांपासून बाग तोच सांभाळत होता.

कोठावदेंनी कॅन खाली ठेवला. "मला जे वाटतं ते सांगतो. चुकलं तर थांबव. एकाच बाटलीतून दोघं प्यायले, एक मेला. म्हणजे विष बाटलीत नव्हतं. एकाच जगातलं पाणी भागीबाईही प्यायली, म्हणजे पाण्यात नव्हतं. ते अण्णांच्या अंगात आधीच गेलं होतं, उघड्या हातांतून, दोन दिवस. दारूनं फक्त ते पेटलं. सोमाचं असंच झालं. सोमा औषध कालवत होता म्हणून तो गेला, अण्णांचं हृदय आधीच दुबळं म्हणून ते गेले. आणि हे त्या गच्चीवर तुला ठाऊक होतं. म्हणून तू स्वतः घेतली नाहीस, म्हणून अण्णांना नको म्हणालास, म्हणून त्यांचे हात धुतलेस."

ललित औषधाच्या कॅनवरच बसला.

"सोमाला पोचवून आलो आणि मी हे वाचलं," तो म्हणाला. "तोवर वाचलं नव्हतं. दुकानदारानं सांगितलं एवढं एवढं प्रमाण, तेवढंच बघितलं होतं. त्याच दिवशी अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, हे बाहेर पडलं तर बाग जाईल, माझं राजकारण जाईल, उद्या एक मजूर येणार नाही. पुन्हा हा विषय माझ्यासमोर काढू नको. मी काढला नाही."

"यंदा मजुरांना काही सांगितलंस?"

"हातमोजे आणले, पण ते घालून काम उरकत नाही म्हणून कुणी घातले नाहीत. म्हटलं, दारू पिऊ नका. का ते नाही सांगितलं. कारण सांगायचं तर सोमाचं सांगावं लागलं असतं." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "गच्चीवरपण तेच झालं. अण्णांनी विचारलं, का? गोरक्षकाका समोर बसलेले. एक शब्द बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी सगळ्या तालुक्यात झालं असतं. मला वाटलं, एका पेल्यानं काय होतंय. साहेब, ते माझ्याकडे बघत होते. त्यांना मी सांगितलेलं आठवत होतं का? का विसरले होते? का मी सगळ्यांसमोर बोलावं म्हणून वाट बघत होते? मला कळलं नाही. आता कधी कळायचंही नाही."

"आणि भागीबाई?" कोठावदेंनी विचारलं.

ललितनं मान खाली घातली.

"बापाला नको म्हणालास, तेवढं तरी म्हणालास. रडत होतास, घाबरला होतास, समजू शकतो. पण त्यानंतर ती बाई कोठडीत गेली. तिची पोरं झोपडीत शेजाऱ्यांच्या जिवावर आहेत. तेव्हा तुझ्यासमोर गोरक्ष नव्हता, अण्णाही नव्हते. तेव्हा कोण होतं?"

दारात कधीतरी वत्सलाबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्यामागे ज्योत्स्ना.

"साहेब," वत्सलाबाई म्हणाल्या, "गेलेल्या माणसाचं नाव तरी राहू द्या. अटॅक आला म्हणा. त्या बाईला सोडा. आम्ही तिला काय हवं ते देऊ."

"तिला सोडायला कारण लागेल, बाई. ते कारण फक्त ह्याच्याकडे आहे."

ज्योत्स्ना पुढे झाली. ललितजवळ उकिडवी बसली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मला वाटत होतं, माझ्या बोलण्यानं गेले ते. पण ते बागेत गेले, ते खरंच गेले होते. माझ्याशी भांडून का होईना, त्यांनी ते फडकं हातात घेतलं. आता गप्प राहून त्यांना तिथून परत आणू नको रे."

वत्सलाबाई भिंतीला धरून खाली बसल्या.

"चला साहेब," ललित म्हणाला.

६

ललितनं सगळं लिहून दिलं. सोमाचंही. खुनाचा गुन्हा त्यात बसत नव्हता. सोमाच्या मरणाबद्दल निष्काळजीपणाचा आणि माहिती दडवल्याचा खटला होईल, असं कोठावदेंनी त्याला तिथंच सांगितलं. त्यानं मान डोलावली. गोरक्ष तेव्हा उमेदवारीसाठी पक्षाच्या कार्यालयात जाऊन बसला होता. बातमी कळली तसं त्यानं श्रद्धांजलीचे छापायला दिलेले फलक थांबवले.

भागीबाईला दुसऱ्या दिवशी दुपारी सोडलं. तिची पोरं घेऊन ज्योत्स्ना ठाण्यावर आली होती. धाकटी पोरगी आईच्या कमरेला चिकटली ती सुटेना.

"विष नव्हतं, शापही नव्हता," कोठावदे तिला म्हणाले. "पुढचं हा सांगेल."

ललित पुढे आला. शब्द जुळवत, थांबत, त्यानं तिला सांगितलं. औषध हातातून अंगात कसं जातं, दारू पोटात गेली की काय होतं. सोमा दारुडा म्हणून मेला नाही, हे सांगितलं. आणि हे त्याला सोमाच्या चितेवरून घरी आल्यावर लगेच कळलं होतं, तेही सांगितलं. मग त्यानं माफी मागितली.

भागीबाई ऐकत होती. ती ओरडली नाही. तिच्या चेहऱ्यावर राग यावा अशी ललित जणू वाट बघत होता, पण तिला दुसरंच काही समजून घ्यायचं होतं.

"डब्यावर लिवलेलं होतं?"

"हो."

"आधीपासून?"

"हो. मी वाचलं नव्हतं."

"वाचलं असतं तर सोमाला काय सांगितलं असतं?"

"की चार दिवस पिऊ नको."

"एवढंच?"

"एवढंच."

ती ठाण्याच्या पायरीवर बसली. पोरीला मांडीवर घेतलं. मोठा मुलगा ज्योत्स्नाचा हात धरून उभा होता, तो आईकडे बघत राहिला. बाहेर रस्त्यावर दिंडोरीकडची बस हॉर्न देत होती. हवालदार बोलवायला आला, त्याला कोठावदेंनी हातानं थांबवलं.

"ही झाली तवा महिनाभर सोडलेली त्यानं," भागीबाई पोरीच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली. "मी म्हटलं म्हणून. लय ऐकायचा माझं."

बस निघून गेली. तिनं वर पाहिलं नाही.

"चार दिवस काय," ती म्हणाली. "चार दिवस त्यानं सहज काढले असते."